वारल्यांच्या लग्नघरी परका पाहुणा

सह्याद्रीच्या पायथ्यापासून अरबी समुद्राकडे उतरत गेलेला जो डोंगराळ आणि झाडीचा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात मोडत असे आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा म्हणून ओळखला जातो, तो वारली लोकांचे मुख्य वसतिस्थान होय. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील पाड्यापाड्यांतून त्यांची घरे विखुरलेली आहेत. शेजारच्या गुजरातेत आणि दादरा व नगर हवेलीतही त्यांची मोठी वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे आठ लाख होती. भात, नागली आणि वरई ही त्यांची पिके. त्यांची बोली मराठीला जवळची असली, तरी तिच्यावर गुजरातीचा संस्कारही जाणवतो.

खरिपाचे पीक घरात आले, खळ्यावरचे काम संपले आणि पाऊस सुरू व्हायला अद्याप काही महिने बाकी असले, की या मुलखात लग्नसराई सुरू होते. गाठीला थोडे धान्य असते आणि हाताला थोडी उसंत असते. याच दिवसांत शहरातील माणूस एखाद्या ओळखीच्या घरून बोलावणे आले म्हणून, किंवा केवळ कुतूहलापोटी, वारल्यांच्या लग्नाला जातो.

असा माणूस बहुधा आपल्याला वारली जीवनाची थोडीफार ओळख आहे, अशा समजुतीने तेथे पोहोचतो. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाने कॅनॉट प्लेसपर्यंत जाऊन पुढे बाबा खडकसिंग मार्गावरील राज्यांच्या हस्तकला-भांडारांत डोकावणाऱ्याला काय, किंवा मुंबईच्या एखाद्या दुकानात शिरणाऱ्याला काय, तांबड्या पार्श्वभूमीवरील ती पांढरी माणसे आता अपरिचित राहिलेली नाहीत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले धड, वर गोल डोके, काडीसारखे हातपाय आणि नाचणाऱ्यांची वळत गेलेली रांग हे चित्र कापडावर, कपांवर आणि भेटकार्डांवर छापले जाते. परंतु या चित्राचा जन्म ज्या लग्नघरात झाला, त्या घरात चित्र हे पाहण्याची वस्तू नसते आणि लग्न हा पाहण्याचा सोहळाही नसतो. तेथे प्रेक्षक असा कोणी नसतोच. जो येतो तो काम करतो, गातो, नाचतो किंवा साक्षीला बसतो. परक्या पाहुण्याची खरी अडचण येथूनच सुरू होते. कारण तो पाहायला आलेला असतो, आणि पाहणाऱ्यासाठी या घरात जागा राखून ठेवलेली नसते.

मागणी आणि देज

वारल्यांमध्ये मागणी वरपक्षाकडून घातली जाते. मुलाकडची वडील माणसे मुलीच्या घरी जातात. बोलणी चालू असताना ताडी किंवा मोहाची दारू पुढे ठेवली जाते, आणि मुलीकडच्यांनी तिचा स्वीकार केला म्हणजे संमती मिळाली असे मानले जाते. या एकत्र पिण्याला व्यसन समजणारा पाहुणा त्यातील व्यवहार समजू शकत नाही. जेथे लेखी करार नसतो, तेथे चारचौघांदेखत एकाच मडक्यातील पेय पिणे हाच करार असतो. तो ज्यांनी पाहिला ते त्याचे साक्षीदार ठरतात, आणि पुढे वाद उपस्थित झाला तर त्यांच्याच शब्दाला मोल असते.

लग्नात वरपक्षाने वधूपक्षाला द्यावयाच्या रकमेस ‘देज’ म्हणतात. रोख रकमेबरोबर धान्य आणि कपडाही दिला जातो. हुंड्याच्या अगदी उलट असलेली ही प्रथा पाहून बाहेरच्या माणसाचे दोन प्रकारचे गैरसमज होतात. कोणाला ती मुलीची विक्री वाटते, तर कोणाला स्त्रीच्या उच्च स्थानाचा पुरावा वाटतो. वास्तविक देज म्हणजे एका घरातून दोन कमावते हात दुसऱ्या घरी जात असल्याची जाहीर कबुली होय. भाताच्या लावणीपासून जंगलातील लाकूडफाट्यापर्यंत वारली स्त्री पुरुषाच्या बरोबरीने राबते. तिच्या जाण्याने माहेरचे नुकसान होते आणि ते भरून द्यावे लागते, ही गोष्ट हा समाज लपवून ठेवत नाही. तथापि या भरपाईचा आणि जेवणावळीचा भार वरपक्षावर पडतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कारण याच भाराने या जमातीच्या इतिहासात एक दुःखद प्रकरण लिहिले आहे. त्याचा विचार पुढे येईल.

देवचौक आणि पालघट

लग्नाच्या तयारीतील महत्त्वाचे काम म्हणजे चौक लिहिणे. घराच्या आतील कुडाची भिंत शेणमातीने सारवून तिला गेरूचा हात दिला जातो. तांदूळ दळून त्याचे पीठ पाण्यात कालवतात. बांबूच्या काडीचे टोक चावून किंवा ठेचून मऊ केले की तिचाच कुंचला होतो. चौक लिहिण्याचा अधिकार सुवासिनींचा असतो. चार-दोन जणी मिळून काम करतात, आणि हात चालू असताना गाणेही चालू असते.

चौकाचा आकार चौकोनी असतो. भोवती एकात एक अशा अनेक किनारी असतात, आणि त्यांतील साखळ्या, त्रिकोण, नागमोडी रेषा इतक्या नेटक्या असतात की मोजपट्टी वापरल्याचा भास व्हावा. मधल्या चौकोनात पालघट ही देवी असते. पालघट ही सृजनाची देवता आहे. झाडांना पालवी फुटणे, शेतात पीक उभे राहणे आणि घरात मूल जन्माला येणे या तिन्ही गोष्टी वारल्यांच्या दृष्टीने तिच्याच कृपेची रूपे आहेत. तिच्या चौकाजवळ लहान चौकात पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव काढतात. चौकाबाहेरच्या भिंतीवर सूर्य, चंद्र, शिडी, फणी, ताडमाडाची झाडे, पशुपक्षी, घोड्यावर बसलेली नवरानवरी आणि नाचणारी माणसे यांची गर्दी असते. रंग पांढरा एकच. शुभ म्हणून कोठे कोठे तांबडे-पिवळे ठिपके तेवढे दिले जातात.

लिहून झालेला चौक लगेच सर्वांना दाखवीत नाहीत. देवीवर वस्त्र टाकलेले असते. भगताच्या अंगात वारे येते, देवांना आवाहन होते, आणि त्यानंतरच ते वस्त्र दूर केले जाते. ही देवी भिंतीवर नुसती रेखाटलेली नसते, ती तेथे आलेली असते, अशी श्रद्धा आहे. तिच्या समक्ष झालेले लग्न तेच खरे लग्न.

चौक जपून ठेवण्यासाठी लिहिलेला नसतो, ही गोष्ट पाहुण्याला सर्वांत चमत्कारिक वाटते. लग्न झाले की त्याचे कार्य संपते. चुलीचा धूर त्यावर चढतो, पावसाळ्याची ओल येते, आणि पुढच्या सारवणात तो नाहीसा होतो. पुढील लग्नाच्या वेळी नव्या हातांनी तो पुन्हा लिहिला जातो. जुने चित्र टिकवणे नव्हे, तर चित्र लिहिणारे हात टिकवणे हे या परंपरेचे उद्दिष्ट आहे.

धवलेरी

वारली लग्नाचे पौरोहित्य ब्राह्मण करीत नाही, आणि पुरुषही करीत नाही. ते धवलेरी करते. धवलेरी ही जमातीतीलच एक विवाहित स्त्री असते. तिच्यापाशी पोथी नसते. तिने सारे काही वडीलधाऱ्या धवलेरीच्या शेजारी बसून, ऐकून आणि मागोमाग म्हणून पाठ केलेले असते. हळद लावणे, चौकाची पूजा, वधूवरांना एकत्र आणणे अशा प्रत्येक विधीचे गाणे ठरलेले असते, आणि ते गायल्याखेरीज विधी पुरा होत नाही. गाण्यांतून पृथ्वीची, देवांची आणि धान्याची कथा सांगितली जाते. या घरात आज होणारे लग्न त्या आद्य कथेचाच पुढचा भाग आहे, असे त्यातून सुचविले जाते.

मराठी वाचकाला ‘धवलेरी’ या नावात एक ओळखीचा धागा सापडेल. जुन्या मराठीत लग्नप्रसंगीच्या गीतांना ‘धवळे’ म्हणत. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदाइसेने रचलेले धवळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत, आणि मराठीतील पहिली कवयित्री हा मान तिला दिला जातो. लग्नाचे गाणे स्त्रीने गावे ही रीत मराठी मुलखात सर्वत्र होती. इतरत्र मंत्र पुरुषाकडे गेले आणि गाणे स्त्रीकडे राहिले. वारल्यांकडे मात्र गाणे हाच मंत्र राहिला.

या संदर्भात पाहुण्याची आणखी एक समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. वारली म्हटले की त्याला तारपा आठवतो, आणि लग्नात तारपानाच होईल अशी त्याची अपेक्षा असते. परंतु दुधी भोपळा आणि बांबू यांपासून तयार होणारे हे वाद्य प्रामुख्याने भाताचे पीक उभे असल्यापासून ते घरी येईपर्यंतच्या दिवसांत वाजते. प्रत्येक वाद्याचा आपला ऋतू असतो. पाहुण्याच्या हौसेसाठी उन्हाळ्यात तारपा वाजवायला सांगणे म्हणजे वैशाखात दिवाळीचे दिवे लावण्याचा आग्रह धरण्यासारखे आहे.

सावकाराचे कर्ज आणि लग्नगडी

वारल्यांच्या लग्नाशी बाहेरच्या माणसाचा संबंध अलीकडेच आला, असे मात्र नाही. एक परका माणूस फार पूर्वीपासून या लग्नाला हजर असे. तो होता सावकार-जमीनदार. तो मांडवात बसला नाही तरी त्याचा पैसा बसलेला असे.

एकोणिसाव्या शतकात या भागातील जमिनी हळूहळू वारल्यांच्या हातून निसटून सावकार-जमीनदारांच्या मालकीच्या झाल्या. जो वारली आपल्या शेताचा धनी होता, तो त्याच शेतावर कूळ किंवा वेठबिगार झाला. त्याच्यापाशी शिल्लक अशी काही उरत नसे. पण लग्न तर करावेच लागे; देज द्यावा लागे, पाड्याला जेवू घालावे लागे. त्यासाठी तो जमीनदाराकडून कर्ज काढी. रक्कम बहुधा शंभर-दोनशे रुपयांची असे. तिच्या फेडीसाठी त्याने जमीनदाराच्या घरी आणि शेतावर राबायचे, असा करार होई. हिशेब जमीनदाराच्या वहीत असे आणि वारल्याला अक्षरओळख नसे. परिणाम असा होई की कर्ज फिटत नसे आणि चाकरी संपत नसे. नवऱ्याबरोबर बायकोही राबे, आणि बापामागे मुलगा. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. लग्नासाठी गडी झालेला माणूस, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे.

या नावातील क्रूर विसंगती विचार करण्याजोगी आहे. लग्नाने माणूस घरधनी व्हावा, त्याऐवजी तो दुसऱ्याच्या घरचा बंदा होत असे. पालघटीच्या समोर ज्या स्त्रीपुरुषांना सृजनाचा आशीर्वाद मिळे, त्यांची मुले जन्मतःच कर्जदार असत. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी आणि डोंगरी जमातींच्या स्थितीविषयी जो अहवाल १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सादर केला, त्यात कर्जापायी लादल्या जाणाऱ्या या चाकरीकडे सरकारचे लक्ष वेधले होते. तथापि केवळ अहवालाने ही चाकरी संपली नाही.

तीन निराळे पाहुणे

सावकारानंतर या लग्नघरी जे परके आले, त्यांपैकी तिघांचा विचार येथे उपयुक्त ठरेल. कारण पाहुणा म्हणून जाण्याचे तीन निराळे मार्ग त्यांतून दिसतात.

पहिल्या होत्या गोदावरी परुळेकर. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातील काही वारली त्याला गेले आणि परतताना तेथील लाल बावटा घेऊन आले. त्याच वर्षी २३ मे रोजी झरी गावी हजारो वारल्यांची सभा झाली आणि यापुढे वेठ करायची नाही, असा निर्धार करण्यात आला. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील कार्यकर्ते व वारली पाड्यापाड्यांतून फिरले, आणि जमीनदारांच्या वाड्यांवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या लग्नगड्यांना त्यांनी मोकळे केले. या लढ्याची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मारली गेली. गोदावरीबाई वारल्यांच्या झोपड्यांतून राहिल्या, त्यांच्या ताटात जेवल्या. या अनुभवांवर त्यांनी लिहिलेले ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारीस देशभर कायद्याने बंदी घालणारा अधिनियम त्यानंतर, १९७६ मध्ये आला. म्हणजे संसदेत जे घडले, ते झरीच्या माळावर ३१ वर्षे अगोदर घडून गेले होते.

दुसरे होते भास्कर कुलकर्णी. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने बिहारमधील मधुबनी येथे या चित्रकाराने स्त्रियांना भिंतीवरील चित्रे कागदावर काढण्यास उद्युक्त केले होते. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ते डहाणू तालुक्यात आले. लग्नचौक लिहिणाऱ्या स्त्रियांचा शोध घेताना गंजाड येथील जिव्या सोमा मशे या तरुणाची गुणवत्ता त्यांना दिसली. लग्नविधीतील चित्रकला सुवासिनींची. मशे यांनी मात्र विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर, मासेमारी, शेती, नाच आणि लोककथा रंगविल्या. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. या एका ओळखीने शेकडो वारली घरांना उपजीविकेचे नवे साधन मिळाले, यात शंका नाही. त्याबरोबर एक स्थित्यंतरही घडले. लग्नघरातील चित्र बाजारात आले. ते विकण्यासाठी काढले जाऊ लागले, आणि काढणाऱ्यांत पुरुषांची संख्या वाढली. चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची नावे मात्र बहुतेक अज्ञातच राहिली.

तिसऱ्या यशोधरा डालमिया. वारली चित्रांचा त्यांच्या मूळ जागी, म्हणजे विधी आणि गाणी यांच्या संदर्भात, अभ्यास करून त्यांनी लिहिलेला ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ हा ग्रंथ दिल्लीच्या ललित कला अकादमीने १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. चित्राचे सौंदर्य पाहून न थांबता ते कोण, केव्हा आणि कशासाठी लिहिते हे विचारणारा पाहुणा कसा असतो, याचे हे उदाहरण होय.

एकाने कर्ज दिले, एकीने कर्जातून सोडविले, एकाने बाहेरचे दार उघडले, एकीने समजून घेतले. लग्नघरी जाणारा प्रत्येक परका कळत-नकळत यांपैकी कोणाच्या तरी वाटेने जात असतो.

उशिरा लागणारी लग्ने

शहरी पाहुण्याला गोंधळात टाकणारा एक प्रसंग या भागात विरळा नाही. बोहल्यावर उभी असलेली नवरानवरी तरुण नसतात. त्यांची मुले मांडवात हिंडत असतात. क्वचित त्या मुलांचेही लग्न त्याच मांडवात लागायचे असते. याचे कारण नीतीच्या शैथिल्यात नसून खर्चात आहे. दोघांची आणि घरच्यांची संमती असली की स्त्रीपुरुष एकत्र राहू लागतात, आणि समाज त्यांना नवराबायको मानतो. लग्नाचा खर्च जमेल तेव्हा विधी होतो. आईबापांचे लग्न लागल्याखेरीज मुलांचे लग्न लावू नये, अशी रूढी अनेक ठिकाणी असल्यामुळे दोन पिढ्यांची लग्ने एकदम उरकण्याचे प्रसंग येतात. ज्यांनी सावकाराचे कर्ज काढले नाही, त्यांनी अशा रीतीने स्वतंत्र राहून वाट पाहिली असेच म्हटले पाहिजे.

हा प्रकार जगावेगळाही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पेरू देशातील भागात राहणाऱ्या केचुआ लोकांमध्ये ‘सिर्विनाकुय’ नावाची रीत आहे. तीनुसार तरुण-तरुणी आधी एकत्र संसार करतात, आणि रीतसर लग्न पुढे सवडीने होते. त्यांच्याच भाषाकुळातील इक्वाडोरच्या ओतावालो परिसरातील किचवा लोकांच्या लग्नात ‘न्यावी माय्याय’ म्हणजे तोंड धुण्याचा विधी असतो. फुले आणि खाजकुइलीसारखी दाहक पाने टाकलेल्या पाण्याने नवदांपत्याचे तोंड, हात आणि पाय धुतले जातात, आणि धर्माचे आईबाप म्हणून उभे राहिलेले दांपत्य त्यांना संसाराचा उपदेश करते. फुलांबरोबर दाहक पाने कशासाठी, हे कोणत्याही सासुरवाशिणीला समजावून सांगावे लागणार नाही. या धर्माच्या आईबापांचे नाते त्या दिवसापुरते नसते. ते जन्मभर निभवावे लागते. तेथेही विधीत मानाची जागा घेणाऱ्या पाहुण्यावर कायमची जबाबदारी येऊन पडते.

भारतीय कायद्यानेही रूढीचे हे महत्त्व मान्य केले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २ च्या उपकलम (२) नुसार, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली नसेल तर, तो अधिनियम अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे त्यांच्या विवाहांची वैधता त्यांच्या रूढीवरून ठरते. लग्न लागले की नाही असा प्रश्न वारसाहक्काच्या किंवा पोटगीच्या वादात निघाला, तर धवलेरीचे गाणे, देज आणि मांडवातील माणसे हाच पुरावा असतो. विधी न झालेल्या जोडप्याला, विशेषतः त्यातील स्त्रीला, पतीच्या पश्चात कागदपत्रांसाठी किती हेलपाटे घालावे लागत असतील, याची कल्पना यावरून करता येईल. अलीकडे स्वयंसेवी संस्था आणि शासकीय योजना यांच्या साहाय्याने सामुदायिक विवाह होऊ लागले आहेत, ते या अडचणीवरील एक उपाय म्हणून. मात्र एका मंडपात शेकडो जोडप्यांची लग्ने लागतात, तेथे प्रत्येक घरचा चौक आणि प्रत्येक घरची धवलेरी यांना कितपत स्थान राहील, हा प्रश्न उरतोच.

पाहुण्याने काय करावे

यावरून परक्या पाहुण्याच्या वागण्याचे काही साधे नियम निघतात. बोलावल्याखेरीज जाऊ नये. गेल्यावर जेथे बसवतील तेथे बसावे. आपल्यासाठी शेजारच्या घरून खुर्ची मागविली जात असेल तर ती नम्रपणे नाकारावी. पाहुण्याला उंचावर बसविण्याची सवय या लोकांना सावकाराने आणि साहेबाने लावलेली आहे. ताडी पुढे आली आणि प्यायची नसेल, तर भांडे हाती घेऊन मान राखावा आणि मग परत द्यावे. तोंड फिरवणे हा यजमानाचा अपमान ठरतो.

देवचौकावर वस्त्र असताना तेथे डोकावू नये, आणि ते दूर झाल्यावरही घरच्यांना विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. धवलेरीला गाणे पुन्हा म्हणायला सांगू नये. ज्या क्षणासाठी ते असते तो क्षण परत येत नाही. आहेर करायचा तर इतरांनी केला असेल तेवढाच करावा. भपकेबाज आहेराने यजमानाच्या डोक्यावर परतफेडीचे ओझे चढते, आणि ज्या समाजाने लग्नापायी ओझे वाहिले आहे त्याच्या मांडवात तर ते अधिकच अशोभनीय दिसते. त्यापेक्षा तांदूळ निवडायला, पाणी आणायला किंवा पंगत वाढायला हात लावलेला बरा. हात लावणारा माणूस या घरात परका राहत नाही.

आज वारली लग्नातही बदल होत आहेत. पत्र्याचा मांडव येतो, छापील पत्रिका येते, ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते वाजतात, काही घरी भटजींनाही बोलावले जाते. कुडाच्या भिंतीच्या जागी विटांची भिंत आली, तर गेरू आणि शेणाचा हात कोठे द्यावा असा प्रश्न पडतो. या बदलांबद्दल हळहळणे पाहुण्याला सोपे असते, कारण त्याला परत जायचे असते. पक्के घर, शाळा आणि दवाखाना यांची इच्छा वारल्यांनाही आहे, आणि ती इच्छा धरण्याचा त्यांना अधिकार आहे. लग्नात काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय ज्यांना ते लग्न निभवायचे आहे त्यांनीच करावयाचा आहे.

पाहुण्याचे कर्तव्य एवढेच की त्याने जे पाहिले त्याचा साक्षीदार म्हणून प्रामाणिक राहावे. लग्नाला उपस्थित असलेला प्रत्येक जण वेळप्रसंगी या दोघांचे लग्न झाले हे सांगण्यास बांधलेला असतो. पावसाळ्यात भिंतीवरील चौक ओलीने पुसला जातो, धवलेरीचा आवाज तर त्याच दिवशी विरलेला असतो. त्यानंतर त्या लग्नाचा पुरावा माणसांच्या स्मरणाखेरीज दुसरीकडे कोठे नसतो. आणि त्या माणसांत परक्या पाहुण्याचीही गणना होते.